दोल्नी ब्रेस्तचे वर्तुळ

१

नकाशाच्या डाव्या अंगाला, ‘स्मृतिभ्रंश’ आणि ‘स्थलांतर’ या दोन वर्तुळांच्या मधे, अंगठ्याच्या पेराएवढी जागा पांढरी होती. एरवी सगळा नकाशा वर्तुळांनी गजबजलेला. एकमेकांना खेटलेली, काही ठिकाणी एकमेकांवर चढलेली वर्तुळे, आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक रेघांचे जाळे. या एका ठिकाणी मात्र रेघा काठाकाठाने वळून जात होत्या. ओल्या फरशीला लोक जसा वळसा घालतात, तशा.

संशोधक इस्क्रा ताबाकोवाने चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक जवळजवळ कागदाला टेकवले. मग ती आपल्या खोलीत गेली, गेल्या आठवड्याची कच्ची छापील प्रत घेऊन आली आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. खालच्या कागदावर त्या जागी अक्रोडाएवढे वर्तुळ होते.

हा नकाशा नद्या-डोंगरांचा नव्हता. देश म्हातारा होत चालला आहे हे कळल्यापासून, गेल्या चाळीस वर्षांत, अभ्यासकांनी त्याबद्दल काय काय लिहिले, त्याचा होता. एकेक विषय म्हणजे एकेक वर्तुळ. जितके लेख जास्त, तितके वर्तुळ मोठे. दोन विषय एकाच लेखात आले की त्यांच्यामध्ये रेघ. जुने विषय निळे, अलीकडचे पिवळे. मधोमध ‘पेन्शन’चे भले थोरले निळे वर्तुळ होते, उजवीकडे ‘घरातली यंत्रे’ पिवळीधमक. आणि डावीकडे जे आता नव्हते, ते होते हिरवट. ना जुने, ना नवे. वर्षानुवर्षे कुणीतरी न थांबता लिहीत राहिले की रंग असा मधेच अडकतो.

त्या वर्तुळाचे नाव होते ‘खेड्यातले एकटे वृद्ध’. आणि ते कुणीतरी म्हणजे बोगोमिला स्तान्चेवा.

व्रात्सा शहरातल्या लहानशा संशोधन केंद्रात त्यांना सगळे नुसते ‘बाई’ म्हणत. डॅन्यूब नदीकाठच्या दोल्नी ब्रेस्त गावात केंद्राची एक खोली होती: वाचनगृहाच्या इमारतीत, एक शेगडी, एक संगणक, दोन खुर्च्या. वसंतात आणि शरदात बाई गावातल्या प्रत्येक एकट्या म्हाताऱ्या माणसाचे दार वाजवायच्या, स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायच्या आणि तेच ते प्रश्न विचारायच्या. कोण आले होते, काय शिजवले, रात्री झोप लागते का. पावाची गाडी सोडली तर त्यातल्या कितीतरी दारांवर दुसरे कुणी हात ठेवत नसे.

आज दुपारी सोफियाहून समिती यायची होती. ती नकाशा बघणार आणि गावोगावची कुठली उपकेंद्रे ठेवायची, कुठली बंद करायची ते ठरवणार. ज्या विषयाचे वर्तुळ नकाशावर नाही, त्याचे उपकेंद्र उद्यापासून नाही, इतका हिशेब सरळ होता.

नकाशा बनवणारा तिहोमिर ब्रेझोव्ह दारात उभा होता. तिशीचा, दाढी वाढलेला, हातात अर्धी खाल्लेली बानित्सा, चीजची पापुद्रेदार पेस्ट्री. त्याने काचेवरचे दोन कागद बघितले आणि पुढचा घास घ्यायचा विसरला.

“ताई, हे मी केलेलं नाही,” तो म्हणाला. “पण हे आपोआपही होत नाही.”

२

संचालक ओग्न्यान वल्चेव यांना वाईट बातमी उभ्यानेच ऐकायची सवय होती. त्यांनी दार लावून घेतले आणि इस्क्राला म्हणाले, सावकाश सांगा, मला संख्याशास्त्र येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

इस्क्राने सावकाश सांगितले. वर्तुळ नाहीसे व्हायला तीनच वाटा होत्या. पहिली, चाळणी. अमुक इतक्या लेखांत आलेला विषयच दाखवायचा अशी अट असते. ती वाढवली की लहान वर्तुळे गळून पडतात. पण ‘कवळी’ आणि ‘म्हातारपणी गाडी चालवणे’ ही वाटाण्याएवढी वर्तुळे जागच्या जागी होती. मग अक्रोड कसा गळेल? दुसरी वाट, दोन विषय एकात मिसळणे. तसे असते तर शेजारचे एखादे वर्तुळ फुगले असते. फुगले कुणीच नव्हते, उलट शेजारची दोन केसभर आकसली होती. राहिली तिसरी वाट. मुळातले लेखच कुणीतरी साठ्यातून काढून टाकले होते. लेख गेले, म्हणून त्यांचे वर्तुळ गेले, आणि त्याच लेखांत शेजाऱ्यांचाही थोडा उल्लेख होता म्हणून ते आकसले.

“मग परत घाला,” वल्चेव म्हणाले आणि लगेच स्वतःच मान हलवली. तसे करता येणार नव्हते. लेख कुणी काढले हे न कळता ते परत घातले, तर समिती विचारील, तुमच्याकडे हवे तेव्हा घालतात आणि हवे तेव्हा काढतात का? मग नकाशावरच्या एकाही वर्तुळावर कुणी विश्वास ठेवणार नाही. “दोन वाजेपर्यंत मला माणूस आणि कारण, दोन्ही सांगा. नाहीतर आज जो नकाशा भिंतीवर आहे, तोच समिती बघेल.”

म्हणजे दोल्नी ब्रेस्तचे दार बंद. हे दोघांनाही कळले.

इस्क्रा खोलीत परतली तेव्हा तिहोमिर तिच्या खुर्चीत बसून संगणकात डोके घालून होता. त्याने सांगितलेली गोष्ट ऐकून ती टेबलाच्या कडेवरच टेकली. लेख रविवारी दुपारी काढले गेले होते. एका झटक्यात नाही. एकेक करून, पूर्ण दुपारभर. आणि इथल्या संगणकावरून नाहीत.

“दोल्नी ब्रेस्तच्या खोलीतल्या संगणकावरून,” तिहोमिर म्हणाला. “बाईंच्याच खोलीतून, ताई.”

३

त्या खोलीच्या किल्ल्या चार. एक वल्चेव साहेबांकडे, एक तिहोमिरकडे, एक स्नेझाना गेओर्गिएवाकडे आणि एक अर्थातच बाईंकडे. संगणकाचा परवलीचा शब्द सगळ्यांना माहीत, कारण तो शेगडीवर खडूने लिहिलेला होता.

इस्क्राने आधी गावात फोन केला. वाचनगृहाच्या समोरच पेना आजीचे घर होते. खिडकीशी बसून रस्त्यावरचे कुत्रेसुद्धा मोजणारी म्हातारी. पेना आजीने आधी आपल्या गुडघ्याची, मग पावाच्या गाडीवाल्याच्या उद्धटपणाची आणि मग करकोच्यांची हकीकत सांगितली. करकोचे आले होते. समोरच्या विजेच्या खांबावरच्या घरट्यात नर येऊन काड्या नीट करत होता आणि मादीची वाट बघत होता. “पुरुषासारखा पुरुष,” आजी म्हणाली, “आधी घर झाडतोय, मग बायकोला बोलावतोय. आमच्या वेळी असं नव्हतं गं.”

रविवारी गावात कोण आले होते, असे इस्क्राने विचारले. कुणी नाही, आजी म्हणाली. गाडी नाही, बस नाही, परका माणूस नाही. तिने शपथच घेतली. इस्क्राने आभार मानून फोन ठेवला. कुणी आलेच नाही, तर बाईंच्या खोलीत दुपारभर बसले कोण?

मग तिने एकेकाला भेटायला सुरुवात केली.

तिहोमिरला सगळ्यात जास्त फायदा होता, आणि हे तो स्वतःच म्हणाला. दोल्नी ब्रेस्त बंद झाले तर तिथला पैसा त्याच्या पिवळ्या वर्तुळाकडे वळणार होता. म्हाताऱ्यांच्या दाराला लावायची ती यंत्रे, दार दिवसभर उघडले नाही की मुलांना फोन जाणारी. रविवारी तो मेझ्द्राला बहिणीच्या मुलीच्या वाढदिवसाला होता. “आणि ताई, दोल्नी ब्रेस्तमध्ये आम्ही यंत्रं लावली होती. आज्यांनी सगळी काढून फ्रिजवर ठेवली. का, तर बाई येतात तेव्हा दार आपणच उघडायचं असतं. त्यावर बाईंनी आणि मी मिळून दोन लेख लिहिले. माझं म्हणावं असं काम तेवढंच.”

स्नेझानाचा विषय पेन्शन. केंद्रातली सगळ्यात मोठी खोली, सगळ्यात मोठे वर्तुळ, आणि बाईंशी वीसेक वर्षांचा अबोला. तरुणपणी दोघी एकत्र दोल्नी ब्रेस्तला जायच्या, एकाच खाटेवर झोपायच्या, मिळून एक लेखही लिहिला होता. पुढे स्नेझाना पेन्शनकडे वळली, आणि गाव सोडून टेबलाला विकली गेलीस असे काहीतरी बाई बोलून गेल्या. ते दोघीही विसरल्या नाहीत.

“माझ्यावर संशय घ्यायला तुला लाज कशी वाटत नाही म्हणणार नाही,” स्नेझाना म्हणाली. “घे. मीही घेतला असता.” तिने पर्स उपडी करून किल्ली टेबलावर टाकली. किल्लीला हिरवट गंज चढला होता. “इतकी वर्षं घेऊन फिरते आहे. एकदा तरी म्हणेल, चल गं बरोबर, म्हणून. मीही दोनदा विचारलं तिला, येऊ का म्हणून. उत्तर नाही. ती ना हो म्हणते, ना नाही म्हणते. तिचं सगळं असंच. सत्तरी झाली, निवृत्त कधी होणार ते तरी बोलली का कुणाजवळ?”

ते खरे होते. गेली चार वर्षे केंद्रात दर जूनमध्ये कुणीतरी ते हळूच विचारायचे आणि बाई शरद येऊ दे म्हणायच्या. शरद आला की वसंत.

बाई आपल्या खोलीत खिडकीपाशी बसल्या होत्या. अंगात करड्या लोकरीचा स्वेटर, त्याच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. डोळे लाल. शनिवार-रविवार सर्दीने घरात पडून होते, व्रात्सातल्या फ्लॅटमध्येच, त्या म्हणाल्या. वर्तुळ गेल्याचे ऐकून त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, की नकाशा काय म्हणतो ते ऐकायला शिकावे माणसाने.

“बाई, नकाशा बोलत नाही. कुणीतरी त्याच्या तोंडात शब्द घातलेत.”

“तू माझ्याकडेच शिकलीस,” बाई म्हणाल्या. “म्हणून इतकी हट्टी.”

खिडकीबाहेर अंगणातला आलुबुखार अजून काळा, मिटलेला होता. यंदा थंडी हटायलाच तयार नव्हती. एरवी या दिवसांत त्याच्या फांद्या लाल-पांढऱ्या दोऱ्यांनी भरून जायच्या. दर एक मार्चला बाई स्वतः वळलेल्या लोकरीच्या मार्तेनित्सा सगळ्यांच्या मनगटावर बांधायच्या आणि दटावायच्या, पहिले झाड फुललेले किंवा पहिला करकोचा दिसेपर्यंत काढायची नाही. दिसला की काढून फांदीला बांधायची. शहरात ना झाड फुलले होते ना करकोचा फिरकला होता, म्हणून इस्क्राच्या मनगटावर ती अजून होती, मळलेली. तिहोमिरच्या होती. स्नेझानाच्याही होती, सोन्याच्या घड्याळाखाली.

आणि हे मनात येताच इस्क्रा जागच्या जागी थांबली. सकाळी दार लावून घेताना वल्चेव साहेबांचा हात तिच्या डोळ्यांसमोरून गेला होता. त्यांचे मनगट मोकळे होते.

४

करकोचे फक्त नदीकाठच्या गावांत आले होते. शहरात राहून ज्याची मार्तेनित्सा उतरली, त्याने करकोचा बघितला, म्हणजे तो खाली नदीकडे जाऊन आला. वाचनगृहाच्या खिडकीतून तर घरटे न दिसणे शक्यच नव्हते. शिवाय ती खोली साहेबांना कधीची डोईजड झाली होती. छप्पर गळत होते, शेगडी धूर ओकत होती, आणि दुरुस्तीचा प्रत्येक कागद त्यांच्याच सहीसाठी येत होता.

इस्क्राने आडवळणाने विचारले नाही. तिला ते जमत नाही. साहेब, तुमची मार्तेनित्सा कुठे, असे सरळ विचारले.

वल्चेव लाजले. खिशातून फोन काढून त्यांनी एक फोटो पुढे केला. त्यात एक लठ्ठ पिवळी मांजर अत्यंत अपमानित चेहऱ्याने बसली होती आणि तिच्या गळ्यात बाईंनी वळलेला दोरा होता. नातीने रविवारी हट्ट धरला होता. मांजरीला कुणी बांधली नाही, ती आजारी पडेल, म्हणून. “बाईंना सांगू नका,” ते म्हणाले. “त्या मला रागावतील. आणि तुम्हाला वाटलं, तो करकोचा मी बघितला?” मग हसू ओसरले. “मला ती खोली नको आहे हे खरं आहे. पण बंद करायची तर मी सही करून करीन. मी पळपुटा नाही, ताबाकोवाबाई.”

तिने विश्वास ठेवला. मांजरीचा चेहरा खोटा वाटत नव्हता.

खोलीत येऊन तिने दार लावले आणि तिहोमिरला सांगितले, काढलेले लेख बघू नकोस. राहिलेले बघ. बाईंचे नाव असलेले किती उरले आहेत?

त्याला मिनिटभर लागले. तीन. दोन त्याच्याबरोबरचे, आणि एक फार जुना, स्नेझानाबरोबरचा. या विषयावर देशात दुसऱ्या कुणी फारसे लिहिलेलेच नव्हते. तीन लेखांवर वर्तुळ उभे राहत नाही.

“काढणारा हे विसरला असेल,” तिहोमिर म्हणाला.

“एखाद्याचं काम पुसायचं असेल तर तू काय करशील?”

“नाव टाकीन. सगळे एकदम येतात. एक कळ दाबली की संपलं.” तो थांबला. “पण यानं एकेक उघडला आहे.”

“एकेक उघडून बघितलं, की सोबत आणखी कुणाचं नाव आहे का. असेल तर बंद करून जागेवर ठेवला. दुपारभर तेच केलं.” इस्क्राने चष्मा काढून डोळे चोळले. इतका जपून वागणारा शत्रू तिने पाहिला नव्हता. तिहोमिरच्या कामाला धक्का नको, स्नेझानाच्या इतक्या जुन्या लेखालाही नको. फक्त बाईंचे, एकट्या बाईंचे तेवढे न्यायचे. दुसऱ्याच्या ताटाला हात न लावता आपले ताट उचलून माणूस उठतो, तसे हे होते.

मग पेना आजीचे बोलणे तिला पुन्हा आठवले, आणि या वेळी तिला स्वतःचीच लाज वाटली. प्रश्न विचारणे हाच जिचा धंदा, तिने प्रश्न चुकीचा विचारला होता. बाईंनी पहिल्या वर्षी शिकवलेली गोष्ट: माणूस विचारलेल्याचेच उत्तर देतो, म्हणून आपल्याला काय हवे आहे ते आधी आपल्याला कळले पाहिजे.

तिने परत फोन लावला. रविवारी गावात कोण आले असे नाही, वाचनगृहात कोण होते असे विचारले.

“म्हणजे काय,” पेना आजी म्हणाली. “आपली बोगोमिला होती. ती कुठून येणार? ती तर इथलीच.”

५

बाई खोलीत नव्हत्या. त्या अंगणात आलुबुखाराखालच्या बाकावर बसल्या होत्या. इस्क्राने यंत्रातल्या कॉफीचे दोन पेले आणले आणि एक पुढे केला. पेला घ्यायला बाईंना हात बाहेर काढावा लागला. मनगट मोकळे होते. जिथे दोरा असायचा तिथे लोकरीचा रंग उतरून फिकट गुलाबी कडे उमटले होते.

बाईंनीच तिची नजर बघितली आणि बाही खाली ओढायचे सोडून दिले.

“गुरुवारी दिसला,” त्या म्हणाल्या. “काड्या लावत होता. दिसल्यावर ठेवून कशी घेणार? दुसऱ्यांना इतकी वर्षं दटावते आहे.”

मग त्यांनी सगळे सांगितले, थांबत थांबत, मधे पुन्हा पुन्हा नाक पुसत. सर्दी खरी होती. व्रात्सातला फ्लॅट मात्र सप्टेंबरपासून बंद होता. स्तोइल, त्यांचा नवरा, गेल्यानंतर तिथे त्यांचे मन लागेना, म्हणून दोल्नी ब्रेस्तमधल्या त्याच्या आईच्या घरात चार दिवस राहून बघावे म्हणून गेल्या. चार दिवसांचा हिवाळा झाला. केंद्रात यायचे तेव्हा पहाटेच्या बसने यायच्या आणि कुणाला सांगायच्या नाहीत.

अभ्यासात कुणाला धरायचे, याचा नियम त्यांनी स्वतःच घातला होता, इस्क्रा केंद्रात येण्याच्याही आधी. सत्तरी ओलांडलेले, घरात एकटे, आणि अर्ध्या वर्षाहून अधिक काळ गावात राहणारे. जानेवारीत बाईंची सत्तर वर्षे पूर्ण झाली. मार्चमध्ये गावातले अर्धे वर्ष. एका सकाळी पावाच्या गाडीपाशी रांगेत उभ्या असताना त्यांच्या लक्षात आले, की या रांगेत जिला प्रश्न विचारायला हवेत आणि अजून कुणी विचारलेले नाहीत, अशी एकच बाई आहे.

“आणि ज्याला मोजायचं, त्यानंच मोजायचं नाही. हाही नियम माझाच.”

“मग सांगायचं होतं. निवृत्त होते म्हणायचं.”

“कुणाला सांगायचं?” बाईंनी पेला दोन्ही हातांत धरला. “तुम्हाला सांगणं सोपं. वल्चेव फुलं देईल, स्नेझाना नाक मुरडेल. पण माझ्यानंतर तिथं कुणी जाणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. खोली बंद पडणार. पेना विचारील, का गं बंद पडली? आणि मी सांगायचं, मी सोडली म्हणून? रोज सकाळी त्या बायकांबरोबर पावाला उभी राहते मी, इस्क्रा. नकाशानं ठरवलं असतं तर मला म्हणता आलं असतं, सोफियाहून आलं, आपल्या हातात काय आहे. तुमच्यासारखीच मीही टाकलेली. मग तोंड दाखवता आलं असतं.”

अंगणात वारा सुटला. फांदीवरची मिटलेली कळी हलली आणि तशीच मिटून राहिली. इस्क्राला वाटले होते की चोर सापडल्यावर बरे वाटेल. तसे झाले नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना विचारले, की तुम्हाला कुणाची वाट बघावी लागते का, त्याला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. तिनेही नाही.

“तुम्ही स्नेझानाबरोबरचा लेख राहू दिलात,” ती म्हणाली.

“तो तिचाही आहे.”

“ती किल्ली पर्समध्ये घेऊन फिरते. गंजली आहे. दोनदा तुम्हाला विचारलं म्हणते.”

बाईंनी पेला बाकावर ठेवला. विचारलं होतं, त्या म्हणाल्या. हो म्हणावे तर आपण थकलो हे कबूल करण्यासारखे होते आणि नाही म्हणावे असे कारण नव्हते. म्हणून उत्तर राहून गेले.

६

साहेबांना माणूस आणि कारण दोन्ही मिळाले. त्यांनी ऐकून घेतले, खिडकीबाहेर बघितले आणि तिहोमिरला सांगितले की लेख परत घाल, आणि काय घडले ते समितीला आपण स्वतः सांगू, नाव न घेता. इस्क्रा वाटेत स्नेझानाच्या खोलीत डोकावली. तिला एवढेच सांगितले, की रविवारी जे काढले गेले त्यात तुमचा दोघींचा जुना लेख नव्हता, तो मुद्दाम ठेवला होता. कुणी ठेवला, ते स्नेझानाने विचारले नाही. तिने टेबलावरची किल्ली उचलली, रुमालाने पुसली आणि बराच वेळ पुसतच राहिली.

समिती दुपारी आली. तीन माणसे, वाटेत ट्राउट मासा खाऊन तृप्त झालेली. भिंतीवर नवा नकाशा होता. डाव्या अंगाला, आपल्या जागी, हिरवट वर्तुळ. वल्चेव यांनी सांगितले की केंद्रातल्याच एका सहकाऱ्याने काही लेख मागे घेतले होते, चर्चा झाली, ते परत आले आहेत, आणि हवे असेल तर दोन्ही नकाशे बघा. समितीने दोन्ही बघितले. अध्यक्षबाई काटक, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी बोट त्या वर्तुळावर ठेवले आणि विचारले, हा रंग असा का?

इस्क्राने सांगितले. जुना विषय असता तर निळा झाला असता, नवा असता तर पिवळा. दर वर्षी कुणीतरी तिथे गेले, म्हणून तो ना जुना झाला ना नवा.

“आणि दोल्नी ब्रेस्तच्या त्या एका खोलीतूनच हे सगळं आलं?”

हो, इस्क्रा म्हणाली.

अध्यक्षबाईंनी शेजारच्यांकडे बघितले. मग म्हणाल्या, दोल्नी ब्रेस्तची खोली ठेवायला त्यांची हरकत नाही. पण कागदावर एक नाव लागेल, पुढच्या पाच वर्षांसाठी. कुणाचे लिहायचे?

खोलीत सगळ्यांनी सवयीने खिडकीकडे बघितले, जिथे बाई बसत. दर जूनमध्ये असेच बघायचे सगळे. आता त्या म्हणतील, शरद येऊ दे. तिहोमिरने खाली बघितले. स्नेझाना ताठ बसून समोर बघत होती. तिची मूठ मिटलेली होती.

बाई उठल्या. उठायला त्यांना खिडकीची चौकट धरावी लागली, आणि बाही मागे सरकून ते गुलाबी कडे दिसले. त्या समितीकडे नाही, भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होत्या.

“माझं नाव लिहू नका,” त्या म्हणाल्या. “मी काम थांबवते आहे. आजपासून. मी आता त्या वर्तुळाच्या आतली आहे.”

मग त्या वळल्या आणि वीस वर्षांत पहिल्यांदा स्नेझानाकडे बघून बोलल्या.

“किल्ली तुझ्याकडे आहेच. यंदाचा वसंत सुरू झाला, उशीर नको करूस. आणि पहिलं दार माझं वाजव.”